पिशवी नसलेला रंधा

गुरुवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी रंधा बंद पडला. आधी आवाज घोगरा झाला, मग पातं फिरायचं थांबलं आणि मोटरच्या जाळीतून निळसर धूर निघाला. तूरोआनं बटण सोडलं, मशीन उचलून गवतावर ठेवलं आणि पहिल्यांदा फळीकडे पाहिलं. फळीला काही झालं नव्हतं. तोतारा लाकडाची ती साडेपाच मीटर लांब फळी दोन लाकडी घोड्यांवर पालथी पडली होती आणि तिची निम्म्याहून जास्त पाठ अजून तासायची राहिली होती.

शनिवारी पहाटे माराएवरचं, म्हणजे माओरी जमातीच्या सामायिक अंगणातलं, सभाघर उघडायचं होतं. पाच जमातींना आमंत्रणं गेली होती. शुक्रवारी संध्याकाळपासून बसगाड्या यायला लागणार होत्या आणि घराला उजवा हात नव्हता. छपराच्या दर्शनी भागाला दोन बाजूंनी उतरत येणाऱ्या कोरीव फळ्या म्हणजे ज्या पूर्वजाच्या नावानं घर उभं आहे त्याचे पसरलेले हात. डावा हात चढवून झाला होता. उजवा बुधवारी दोऱ्या लावून वर नेला, तेव्हा तो मधेच फुगलेला निघाला, वाशांवर बसेना. खाली उतरवावा लागला. पाठीकडून चार मिलिमीटर काढायचे, तेही सगळीकडे सारखे, एवढंच काम उरलं होतं. पुढच्या अंगाला कोरो मातिऊंनी दीड वर्ष खपून नक्षी कोरली होती. नदीच्या गाळातून निघालेल्या एकाच ओंडक्यातून दोन्ही हात काढले होते. तसं दुसरं लाकूड आता किनाऱ्यावर कुणाकडे नव्हतं.

"मेला?" पिरिपीनं विचारलं. तो तूरोआचा मावसभाऊ, कामाला मदतनीस आणि तोंडाला कुलूप नसलेला.

"जळला."

"वास तर आंटीच्या गेल्या वर्षीच्या डुकरासारखा येतोय."

तूरोआ हसला नाही. कारण त्याला कळलं होतं. विजेची तार जेवणघरातून ओढलेली होती, तीही तीन तुकडे जोडून. त्याच लाइनवर परवापासून भाड्यानं आणलेली शीतपेटी चालू होती. दाब कमी पडत होता, मोटर तापत होती. काल संध्याकाळी हाताला चटका बसला तेव्हाच थांबायला हवं होतं.

जेवणघराचा कारभार आंटी वायमारियेकडे. पेटी तासाभरासाठी बंद ठेवता येईल का, असं तूरोआनं काल विचारून पाहिलं होतं. तिनं कांदा चिरता चिरता मान वर न करता विचारलं, "तुझ्या फळीपायी मी चारशे माणसांना कुबट मटण वाढू?" तो विषय तिथेच संपला. गावातला एकुलता जनरेटर पाहुण्यांच्या तंबूंना जोडला होता. पिरिपी म्हणाला, हातरंधा घेऊ. पण फळीत तीन ठिकाणी गाठी होत्या, त्यांच्याभोवती लाकडाची नस उलटी फिरली होती. हातरंध्यानं तिथे सालं उचकटली असती. दोन दिवसांत ते जमणारं नव्हतं.

कोरो मातिऊ आले ते काठी टेकत, सावकाश. वय अठ्ठ्याहत्तर. नात्यानं ते तूरोआच्या आजोबांचे धाकटे भाऊ. सगळा गाव त्यांना कोरो, म्हणजे आजोबाच म्हणे. त्यांनी जळका रंधा पाहिला, मग त्याच्या उजव्या अंगाला लटकणारी भुशाची पिशवी पाहिली, आणि ती काढून हातात घेतली.

या पिशवीला इतिहास होता. पूर्वजांच्या घराचं लाकूड कोरताना वरच्या ढलप्या तोंडानं फुंकायच्या नाहीत. फळी तिरकी करून झटकायच्या किंवा हातानं झाडायच्या. आणि त्या ढलप्या चुलीत घालायच्या नाहीत, अन्नाच्या आसपास येऊ द्यायच्या नाहीत. लाकूड तापू, म्हणजे पवित्र आणि निषिद्ध असतं, अन्न त्याच्या उलट; एकाला दुसऱ्याचा स्पर्श झाला की दोन्ही बिघडतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तूरोआ वेलिंग्टनच्या बांधकामांवर बारा वर्षं काढून परतला आणि त्यानं हा इलेक्ट्रिक रंधा पहिल्यांदा माराएवर चालवला, तेव्हा कोरो थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे फुंकतंय." मशीनमधला पंखा भुसा जोरात बाहेर फेकत होता. तूरोआनं तेव्हा पिशवी बसवून दाखवली. सगळा भुसा आत. कोरोंनी तीन दिवस विचार केला आणि होकार दिला. तेव्हापासून दर संध्याकाळी ती पिशवी ते स्वतः मागच्या रानात नेऊन रिकामी करत.

आता त्यांनी ती तूरोआच्या हातात दिली.

"नवीन आण," ते म्हणाले. "पण पिशवीसकट."

गिझबर्न शहरात जायला दोन तास लागतात; रस्त्यावर दरड पडली असेल तर किती, ते कुणी सांगत नाही. तूरोआ साडेदहाला दुकानात पोचला. काउंटरवर ग्लेनिस होती. उंच, करड्या केसांची, कानामागे पेन्सिल. तिनं जळका रंधा नाकाजवळ नेला, टेबलावर ठेवला आणि सांगितलं की हे मॉडेल बंद होऊन बरीच वर्षं झाली, मोटरचं आर्मेचर मागवायचं तर पुढच्या आठवड्याच्या शेवटी येईल. त्याला कधी हवंय? काल, असं तो म्हणाला.

मग तिनं तीन मशीनं काढली. पहिलं स्वस्तातलं. तूरोआनं ते उलटं करून तळावर पोलादी पट्टी धरली, उजेडाकडे पाहिलं. पट्टीखालून उजेड दिसत होता. तळ सरळ नसेल तर फळी सरळ कशी होणार? ते त्यानं बाजूला सारलं. दुसरं त्याच कंपनीचं, तारेवरचं, जुन्याचंच नवं रूप. त्यानं खिशातून जुनी पिशवी काढली आणि तोंडावर दाबली. खट् करून बसली. त्याच्या छातीवरचा दगड क्षणभर हलला आणि परत जागेवर आला, कारण तार होती. तार म्हणजे जेवणघराची लाइन, ती शीतपेटी आणि आंटी.

तिसरं बॅटरीवरचं. दोन बॅटऱ्या, चार्जर, पेटी. तूरोआनं ते हातात तोललं. वजन पुढे झुकत नव्हतं. तळ आरशासारखा. कापाची खोली ठरवणारी चकती फिरवली की प्रत्येक खुणेवर स्पष्ट टिचकी वाजत होती. बटण सोडल्यावर मागचा पाय आपोआप खाली येत होता, म्हणजे फिरतं पातं लाकडाला टेकणार नाही. ग्लेनिसनं बाजूची एक लहानशी कळ दाखवली. "ही इकडे केली की भुसा उजवीकडून पडतो, तिकडे केली की डावीकडून. डावखुऱ्यांना फार आवडतं."

"पिशवी?"

"याची वेगळी येते. सोमवारी."

त्यानं जुनी पिशवी लावून पाहिली. हिच्या तोंडाची कडी अंडाकार, त्याचं तोंड गोल. बसेना. त्यानं फिरवून, दाबून, पुन्हा फिरवून पाहिली. मग ग्लेनिसनं दुसऱ्या दोन दुकानांना फोन लावला, तिथेही सोमवारच.

तूरोआ पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिला. माराएवर फोन लावला, वाजतच राहिला. पिरिपीला लावला, लागला नाही. तारेचा घेतला तर पिशवी बसत होती, पण मोटर दुपारपर्यंत जळणार, आणि मग शनिवारी पहाटे घर एका हातानं पाहुण्यांसमोर उभं राहणार. बॅटरीचा घेतला तर काम नक्की होणार होतं, फक्त भुसा मोकळा होता. कापडाची एक पिशवी, त्यानं मनाशी म्हटलं. ती काय शिवता येत नाही? त्यानं बॅटरीचा घेतला.

तो परतला तेव्हा कोरो जवळच्या गावी कुणाच्या तरी मयताला गेले होते, त्यामुळे जाब द्यावा लागला नाही. पिरिपीनं पेटी उघडली, शिट्टी वाजवली, आणि मग विचारलं, "पिशवी कुठाय?"

"करायचीय."

"कशाची?"

हा प्रश्न वाटला तितका सोपा नव्हता. पिरिपी जेवणघरातून पिठाची रिकामी गोणी घेऊन आला. दारातच त्याच्या लक्षात आलं आणि तो मुकाट्यानं परत ठेवून आला. ताटं पुसायचे कपडे, तेही जेवणघरातले. उशीचा अभ्रा आकारानं अगदी बरोबर होता, पण त्यावर माणसाचं डोकं टेकतं, त्यात भुसा कसा भरणार? पिरिपीनं स्वतःच्या पँटकडे पाहिलं.

"मनातसुद्धा आणू नकोस," तूरोआ म्हणाला.

"मी काही बोललो का? पण एक पाय माप घेऊन शिवल्यासारखा बसला असता, भावा."

शेवटी तूरोआनं अंगातला लोकरी शर्ट काढला. जाड, चौकड्यांचा, कामावर घालायचा. उजवी बाही खांद्यापासून कापली, मनगटाकडचं तोंड घट्ट गाठ मारून बंद केलं, आणि खांद्याकडचं तोंड रंध्याच्या उजव्या तोंडावर तारेनं आवळलं. टाकाऊ लाकडावर चालवून पाहिलं. बाही फुगली, थरथरली, पण सगळा भुसा आत राहिला. हवा लोकरीतून निघून जात होती.

शुक्रवारी सकाळी कोरोंनी ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तूरोआनं न विचारता सगळं सांगून टाकलं: तार, शीतपेटी, सोमवार. कोरोंनी बाहीची गाठ ओढून बघितली.

"टिकेल?"

"टिकेल, कोरो."

ते तिथून हलले नाहीत. घराच्या ओसरीवरच्या बाकावर बसले.

सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. फळी घरासमोर होती, जेवणघर अंगणाच्या डोंगराकडच्या टोकाला. म्हणजे काही उडालंच तर ते समुद्राकडे जाणार होतं. दुपारी वारा फिरतो, हेही तूरोआला ठाऊक होतं. तोपर्यंत त्याला काम संपवायचं होतं. फळी रानाकडच्या शेडमध्ये परत न्यायची तर आठ माणसं हवी होती, आणि माणसं शिंपल्यांसाठी खडकांवर, डुकरांसाठी डोंगरात आणि पाहुण्यांच्या गाद्यांसाठी शाळेत पांगली होती.

मशीन अप्रतिम चाललं. गाठींवरून जाताना जुना रंधा उड्या मारायचा. हा लोण्यातून गेल्यासारखा गेला. दर दोन फेऱ्यांनंतर पिरिपी बाही सोडून, भुसा पोत्यात रिकामा करून परत बांधत होता. पण तोतारा जुना, गाळात मुरलेला. बॅटऱ्या धडाधड उतरल्या. अकराच्या आत दोन्ही संपल्या. चार्जर ऑफिसच्या खोलीत लावला, तर तीही लाइन जेवणघराचीच निघाली. हिरवा दिवा पेटायला हवा त्या वेळी लाल दिवा नुसता लुकलुकत होता.

बारा वाजता जेवणघरामागच्या खड्ड्यात हांगीची, म्हणजे तापल्या दगडांवर अन्न पुरून शिजवायच्या भट्टीची, लाकडं पेटवली. दगड तापायला लागले. एकच्या सुमारास आंटी वायमारिये आणि तिच्या बायकांनी बाहेरच्या ताडपत्रीखाली टेबलं मांडली, तारेच्या टोपल्यांत कोबीची पानं अंथरली, आणि मटण, कोंबडी, कुमारा रताळी थरानं रचायला सुरुवात केली. येणाऱ्या पाहुण्यांचं पहिलं जेवण ते. त्याच सुमाराला झेंड्याच्या काठीवरचं कापड एकदा मरगळलं आणि मग डोंगराच्या दिशेनं ताठ झालं.

दीड वाजता एक बॅटरी अर्धी भरली. एकच फेरी राहिली होती, अर्ध्या मिलिमीटरची, पूर्ण लांबीची, शेवटची. त्यानंतर फळी वर जाणार. तूरोआनं झेंड्याकडे पाहिलं, बाहीची तार पुन्हा पिळली. ओसरीवर कोरो बसल्या बसल्या पेंगत होते. पिरिपी ऑफिसात दुसऱ्या बॅटरीपाशी होता.

पातं स्वच्छ करायला तूरोआनं रंधा कुशीवर, घोडीच्या आडव्या लाकडावर ठेवला होता. तिथून उचलला आणि डाव्या टोकाला लावला. चालू केला. चालायला लागला.

पहिल्या वाशाच्या खुणेपाशी त्याला बाही दिसली. ती लोंबत होती. फुगली नव्हती. मग त्याला डाव्या अंगाला हालचाल दिसली आणि समजलं. रंधा कुशीवर ठेवताना ती लहानशी कळ दुसरीकडे सरकली होती. भुसा डावीकडून निघत होता, मोकळा, पातळ, लालसर, उन्हात चमकत वर चढत होता आणि वारा त्याला अंगणापलीकडे नेत होता.

थांबला तर तिथे पायरी पडणार. अर्ध्या मिलिमीटरची, पण पायरी. शेवटच्या फेरीतली, जिच्यावर पुन्हा रंधा मारायला लाकूड उरलं नव्हतं, चार मिलिमीटर संपलेले होते. पुढचा भाग हलकेच उचलून फेरी विरवत बाहेर काढता येते. तूरोआला ती युक्ती येत होती. वेलिंग्टनमध्ये त्यानं ती दुसऱ्यांना शिकवली होती. ती प्रत्येक वेळी साधत नाही, इतकंच.

तो चालत राहिला. दुसरी खूण. तिसरी. हात एकसारखा. फळीचं टोक आलं, रंधा पुढे निघून गेला, त्यानं बटण सोडलं. पातं गुणगुणत फिरत राहिलं आणि मागचा पाय खाली आला.

मग त्यानं वर पाहिलं. ताडपत्रीखाली आंटी वायमारिये उभी होती, दोन्ही हात कोपरापासून वर धरलेले, मटणानं माखलेले. ती त्याच्याकडे बघत नव्हती. टोपल्यांकडे बघत होती. तिनं एका बाईला काहीतरी सांगितलं आणि बायका टेबलांपासून मागे झाल्या.

तूरोआ अंगण ओलांडून गेला, पण ताडपत्रीच्या कडेशी थांबला. अंगावर भुसा होता, आत जाता येत नव्हतं.

"पडलाय का, आंटी?"

"टेबलाच्या पायाशी दोन वळ्या आहेत," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता, आणि तेच वाईट होतं. "वर काही दिसत नाही. पण मटणाच्या रंगाचाच आहे रे तो. मी काय पान न् पान उलटून बघू? आणि नाही सापडला, तर नव्हता असं म्हणू?"

"बाकीचं अन्न?"

"शीतपेटीत उद्याचं आहे. आज हे आहे."

पिरिपी धावत आला. त्याच्या हातात बॅटरी होती.

कोरो जागे झाले होते. कुणी उठवलं ते कळलं नाही. कदाचित मशीनचा आवाज थांबल्यानं. ते काठी टेकत फळीपाशी आले. तूरोआ परत गेला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. त्यानं कळ दाखवली, ती कशी सरकली असावी ते सांगितलं. कोरोंनी ऐकून घेतलं. कळ चुकून सरकली, यात त्यांना फारसा रस दिसला नाही.

"तुला कुठे दिसलं?" त्यांनी विचारलं.

तूरोआला पुढचं टोक दाखवता आलं असतं. तिथे कुणी नव्हतं, पिरिपी ऑफिसात होता, आणि फळीवर कुठेही खूण नव्हती. खूण पडू नये म्हणूनच तर सगळं केलं होतं. त्यानं पहिल्या वाशापाशी बोट ठेवलं.

"इथे."

"आणि थांबलास कुठे?"

"थांबलो नाही. टोकाला संपवलं."

कोरोंनी काठी घोडीला टेकवली. पहिल्या वाशापाशी तळहात ठेवला आणि फळीच्या पाठीवरून शेवटपर्यंत फिरवत नेला, सावकाश, डोळे मिटून. टोकाला पोचल्यावर हात उचलला.

"हात चांगला चाललाय तुझा," ते म्हणाले.

त्यांनी ती मोकळी बाही तारेसकट काढून घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि काठी घेऊन जेवणघराच्या दिशेनं निघाले. ताडपत्रीच्या अलीकडे थांबले. आंटी वायमारिये हात धुऊन बाहेर आली. दोघं कुंपणाजवळच्या लाकडी बाकावर बसले. टोपल्या खड्ड्यात आणि फळी वर जाणार की नाही, हे त्या दोघांनीच ठरवायचं होतं; ते काय बोलत होते ते इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं. एकदा तिनं नकारार्थी मान हलवली. एकदा त्यांनी.

तीन वाजता खड्ड्यातली लाकडं जळून संपली आणि दगड पांढरे दिसू लागले. टोपल्या उतरवायची हीच वेळ. टोपल्या टेबलावरच होत्या. खडकांवर गेलेली माणसं परत आली आणि फळीभोवती, तिला हात न लावता, उभी राहिली. दोऱ्या घराच्या शेंड्यावरून लोंबत होत्या. तूरोआ एका बाहीच्या शर्टात घोडीजवळ गवतावर बसून होता. तिथून जा, असंही त्याला कुणी म्हटलं नाही.

सव्वातीनला पिरिपीचा फोन वाजला. ओपोटिकीहून पहिली बस निघायच्या बेतात होती. यायचं ना, असं बसमधले लोक विचारत होते. पिरिपीनं फोन छातीशी धरला आणि बाकाकडे पाहिलं.

बाकावरची दोघं अजून बोलत होती. दगड निवायला लागले होते.